बाबांचा थर्मास आणि माझ्या नऊ स्लाइड्स

माझे बाबा, मारोतराव लांजेवार, जमिनीपासून सहा-सात मजल्यांच्या उंचीवर बसून चहा पितात. गेली अठ्ठावीस वर्षं ते हेच करत आले आहेत. चहाच्या मधल्या वेळात ते क्रेन चालवतात.

हे वाक्य मी असं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्या मते ते क्रेन चालवतात आणि मधल्या वेळात चहा पितात. पण ज्या पंधरवड्याबद्दल मी सांगणार आहे, त्यात मला फक्त चहाच दिसत होता. त्यामुळे चूक माझीच आहे, आणि ती या वाक्यापासूनच मान्य केलेली बरी.

आमच्या पोलाद प्लांटच्या ज्या शॉपमध्ये, म्हणजे शेडमध्ये, लोखंडाचं पोलाद होतं, तिथे छताखाली दोन रूळ आहेत. त्या रुळांवरून क्रेन धावते आणि क्रेनला टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये बाबा बसतात. खाली वितळलेल्या पोलादाची बादली असते. बादली म्हटल्यावर न्हाणीतली डोळ्यांपुढे आणू नका. हिच्यात आमच्या रुआबांधा वसाहतीतल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर आईसकट मावेल. ती उचलायची, शॉपच्या दुसऱ्या टोकाला न्यायची आणि अंडं ठेवावं तशी ठेवायची, हे बाबांचं काम. भट्टीतून एका वेळी उतरलेल्या पोलादाला तिथे 'हीट' म्हणतात. एक हीट पोचवली की दुसरी येईपर्यंत थोडा वेळ मिळतो. त्या वेळात बाबा थर्मासचं झाकण उघडतात, त्या झाकणातच चहा ओततात आणि पितात. एका हीटला एक झाकण. बादली हुकाला असताना थर्मासला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. तो त्यांनी एकदाही मोडलेला नाही, असं त्यांचे सोबती सांगतात. बाबा स्वतः असलं काही सांगत नाहीत.

थर्मास स्टीलचा आहे. मी चौथीत असताना घेतलेला. खांद्याजवळ त्याला एक पोचा आहे. तो माझ्यामुळे पडला, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. आई त्यात आलं घातलेला, दुधाचा आणि भरपूर साखरेचा चहा भरते. आई म्हणजे रत्नमाला लांजेवार, माहेर साकोलीजवळ. आमच्याकडे चहा करत नाहीत, 'चाय मांडतात'. कोणी आलं की चाय मांडतात, कोणी गेलं की चाय मांडतात, वीज गेली की वीज येईपर्यंत चाय मांडतात.

आता माझ्याबद्दल. मी उत्कर्षा. इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनीअर. घराण्यातली पहिली इंजिनीअर आणि पहिली लिहिणारी, आणि या दोन्ही गोष्टी घराला महागात पडल्या आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत मी दाब मोजणारी यंत्रं तपासते. पाइपातल्या वाफेचा दाब यंत्र बरोबर दाखवतं की नाही, हे मी ठरवते. आमचा एखादा टेक्निशियन पाइपातला दाब स्थिर व्हायच्या आत आकडा लिहायला लागला, तर मी त्याला विचारते, "मॅन्युअल वाचलं का?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की माझ्या पाठीमागे सगळे माझ्या आवाजात तेच म्हणतात. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एप्रिलच्या शेवटी बाबा पहिल्या पाळीवरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "मेडिकलची तारीख लागली. पंधरा दिवसानं."

क्रेनवाल्यांची दर वर्षाची तपासणी असते. डोळे, कान, साखर, बीपी. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर माणसाला खाली उतरवतात. त्यात काही वाईट नाही. उकळतं पोलाद लोकांच्या डोक्यांवरून नेणाऱ्याला चक्कर आलेली कोणालाच परवडत नाही, आणि हे सगळ्यात आधी बाबाच सांगतात. पण बाबांच्या रिटायरमेंटला आठ महिने उरले होते.

"बाबुलालले मागच्या साली उतरवलं," आई हळूच म्हणाली.

बाबुलाल साहू म्हणजे बाबांचे जोडीदार. दोघं एकाच महिन्यात लागले, शेजारशेजारच्या क्रेनवर चढले. त्यांचं बीपी काही केल्या खाली येईना. आता ते टूलरूममध्ये पाने-हातोडे देतात आणि लिहून घेतात.

बाबांनी दुसरा बूट काढला. "मले बाकी काही नाई पाहिजे," ते म्हणाले. "रिटायरच्या दिवशी मले वरूनच उतरायचं हाय. क्रेन आपल्या हातानं लावीन, चावी आपल्या हातानं देईन. बस."

बाबा एका दमात एवढं बोलत नाहीत. आई आत गेली आणि तिनं चाय मांडला. मी मात्र कामाला लागले.

त्याच दुपारी स्कूटी काढून मी जवळच्या हुडको वसाहतीच्या मार्केटमधून बीपीचं मशीन आणलं. खोक्यात मशीन होतं, पट्टा होता, चार सेल होते आणि घडी घातलेला एक मोठा कागद होता. कागद मी बाजूला टाकला. दाब मोजायला मला कागद वाचावा लागतो की काय! बाबा तेवढ्यात दूध आणायला खाली जाऊन, उन्हातून जिना चढून परत आले होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, युनिफॉर्मच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. त्यांच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता. मशीन घोंघावत असताना मी विचारत होते, "दिवसाचे किती कप होतात? साखर किती? बाबा, खरं सांगा."

एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.

बाबांनी आकड्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ती भीती पाहून मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी लॅपटॉप उघडला.

पुढचे दोन दिवस मी चहा-कॉफीचे आरोग्यावरचे परिणाम एवढंच वाचत होते. माझ्यासारखीनं हे वाचू नये. एका पानावर कॉफी यकृताची सखी असते, दुसऱ्यावर झोपेची वैरीण. एके ठिकाणी चहा हृदयाला जपतो, दुसरीकडे जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होताना दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत लिहिलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत हेही होतं की हा नुसता संबंध आहे, कॉफीमुळेच तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही. बारीक अक्षरं मी माझ्या स्लाइडमध्ये घेतली नाहीत. जागा नव्हती.

हो, स्लाइड. मी नऊ स्लाइड्सचं सादरीकरण केलं. टीव्हीला लॅपटॉप जोडला, आई-बाबांना सोफ्यावर बसवलं आणि हातात लाटणं घेऊन उभी राहिले, कारण दाखवायला काहीतरी लागतंच. पहिल्या स्लाइडवर बाबांच्या थर्मासचा फोटो होता आणि त्यावर लाल फुली.

चौथ्या स्लाइडवर आई पुढे झुकली. "हे काय वं? वांगं?"

"यकृत आहे, आई."

"मले वाटलं, भरीत खाल्ल्यानं बीपी कमी होते का काय."

मी पुढे गेले. थर्मासच्या झाकणात किती मावतं, ते मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजलं होतं. पाळीत सरासरी आठ हीट, म्हणजे आठ झाकणं, म्हणजे साखर अमुक चमचे, गुणिले दिवस, गुणिले अठ्ठावीस वर्षं. शेवटी येणारी साखर मी पोत्यांत दाखवली होती. पोत्यांची चित्रंही टाकली होती.

बाबा शांतपणे सगळं पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे जे लोकं कॉफी पेऊन चांगले राहिले, ते साखर घालत होते का?"

"नाही. बहुतेक बिनसाखरेची."

"मंग चाय बिनसाखरेचा नाई चालत?"

हा प्रश्न फार चांगला होता. सगळ्या नऊ स्लाइड्सना तो पुरून उरला असता. मी म्हणाले, "बाबा, प्रश्न शेवटी."

"हे शेवटचीच स्लाइड होय न?"

आईनं उठून विचारलं, "चाय मांडू?"

माझी योजना अशी होती. दुधाचा चहा पूर्ण बंद. सकाळी काळी कॉफी, संध्याकाळी काळी कॉफी, थर्मासमध्ये ग्रीन टी. बाबांनी एकदाही वाद घातला नाही. त्याचं कारण माझी हुशारी नव्हती. त्यांना वरून उतरायचं होतं आणि आपली शिकलेली पोरगी सांगते आहे तर खरंच असेल, असं त्यांना वाटलं. साकोलीकडच्या धानाच्या बांधांवरून येऊन त्यांनी मला ज्या डिग्रीसाठी शिकवलं, त्या डिग्रीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

पहिल्या सकाळी त्यांनी काळ्या कॉफीचा घोट घेतला आणि कप उजेडाकडे नेऊन आत पाहिलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"कोळसा भाजते त्या कोक ओव्हनमधे ड्यूटी लागली होती एकदा," ते म्हणाले, "तवा असा वास येत होता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. अठ्ठावीस वर्षांचा चहा एकदम बंद करून रिकाम्या पोटी काळी कॉफी घेतल्यावर डोकं दुखणारच, हे मी वाचलेल्या निम्म्या पानांवर लिहिलेलं होतं. मी बाबांना सांगितलं की शरीर शुद्ध होतं आहे. असली भाषा मी ऑफिसात कोणाच्या तोंडून ऐकली असती तर त्याला घरी पाठवलं असतं. आई बाम लावायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "होऊ द्या शुद्ध, होऊ द्या." संध्याकाळच्या कॉफीनं त्यांची झोपही उडाली. सकाळी डोळे लाल. त्या लाल डोळ्यांनी ते पायऱ्या चढून क्रेनवर जात होते.

मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन त्यांचं बीपी मोजायचे. बाहीवरून, जिना चढून आल्या आल्या, कॉफीचा कप हातात देऊन, प्रश्न विचारत. एकशे बावन्न. एकशे छप्पन्न. एकशे एकसष्ट. एक्सेलमध्ये आलेख काढला तर लाल रेघ चढावरच्या ट्रकसारखी वर चालली होती.

माझी योजना चुकीची असेल, ही शंका मला आली नाही. मला शंका आली बाबांची.

"तुम्ही प्लांटमध्ये चहा पिता," मी म्हणाले.

बाबांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकण उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरला. "घे. हुंग."

ग्रीन टीचा ओल्या गवतासारखा वास आला.

"मी खोटं बोलून राहिलो असं वाटते का तुले?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आई दारातून म्हणाली, "बाईसाहेब, आता त्यायच्या खिशात कॅमेरा लावा."

मेडिकलचा दिवस आला. प्लांटच्या दवाखान्यात सकाळी दहाची वेळ. माझी सातवी स्लाइड होती 'कॉफीनं लक्ष आणि चपळता वाढते', आणि मेडिकलमध्ये डोळ्यांची तपासणी होती. म्हणून मी मोठा मग भरून, दोन चमचे जास्त टाकून, कडक कॉफी केली. ती त्यांनी घरून निघताना घेतली. उरलेली थर्मासमध्ये भरून नेली आणि बाहेर बाकावर नंबर लागेपर्यंत ती पण पाजली. औषध पाजावं तशी. झाकण-झाकण करून.

आत टीना सिस्टर होत्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. बाबांबरोबर मीही आत घुसले, हातात लाल रेघेचा आलेख घेऊन. सिस्टरांनी बाबांची बाही वर केली, उघड्या दंडावर पट्टा बांधला आणि मोजलं. मग माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं.

"अंकल, एक सौ बहत्तर. दुबारा में एक सौ अड़सठ. क्या पी के आए हो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आलेखाकडे.

"काली कॉफी, सिस्टर," बाबा म्हणाले. "बेटी पिलाती है."

"कितनी?"

बाबांनी थर्मास उलटा केला. एक थेंब पडला.

"रोज पीते हो?"

"बारह-तेरह दिन से. पहले चाय पीता था. अट्ठाईस साल."

टीना सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आप क्या करती हो?"

"इन्स्ट्रुमेंटेशन," मी म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला. "प्रेशर."

"प्रेशर!" त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "बीपी लेने के आधा घंटा पहले चाय-कॉफी कुछ नहीं. पाँच मिनट चुपचाप बैठना, पैर नीचे टिका के, हाथ टेबल पे. कपड़े के ऊपर से नहीं. बात नहीं करना. मशीन के डिब्बे में कागज रहता है. पढ़ा था?"

मॅन्युअल वाचलं का? अख्ख्या जगात हा प्रश्न विचारायचा हक्क एकट्या माझा आहे, असं मला वाटत होतं.

पुढच्या खोलीतल्या डॉक्टरमॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या सौम्यपणे बोलल्या, पण कागदावर जे लिहायचं ते लिहिलंच. आकडा वर आहे. कॉफीमुळे असेल, झोप नसल्यामुळे असेल, नाहीतर खरंच असेल. तीन दिवसांनी पुन्हा या. तोवर क्रेन नाही.

बाहेर आल्यावर बाबा स्कूटीवर माझ्या मागे बसले. मी वाट पाहत होते, ते काहीतरी बोलतील. रुआबांध्याच्या वळणावर ते म्हणाले, "तीन दिवस खाली राहून काही मरत नाई माणूस."

मी मान हलवली.

क्वार्टरसमोर उतरता उतरता म्हणाले, "पन त्या स्लाइडा आनखी कोनाले दाखवू नको."

त्या दुपारी मी तो कागद शोधायला लागले. खोक्यात नव्हता. कपाटात नव्हता. आईनं विचारलं, काय शोधून राहिली. मी सांगितलं.

"थो कागद? मजबूत होता म्हून मसाल्याच्या डब्याखाली टाकला म्या."

कागदावर हळदीचे डाग पडले होते. सगळं लिहिलेलं होतं. चित्रांसकट. दुसऱ्याच चित्रात एक माणूस खुर्चीवर पाठ टेकून बसलेला होता आणि त्याच्या तोंडावर बोट ठेवलेलं होतं. चौथ्या चित्रात कप होता, त्यावर लाल फुली. अगदी माझ्या पहिल्या स्लाइडसारखी, फक्त त्याखाली 'तीस मिनिटे' असं लिहिलं होतं. हळद लागलेला कागद घेऊन मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. आईनं मला एकही टोमणा मारला नाही. यावरून काय ते समजा.

बाबांना त्या तीन दिवसांसाठी टूलरूममध्ये बसवलं होतं. पहिल्या दिवशी ते घरी आले, जेवले आणि मग स्वतःहून बोलायला लागले. हे आमच्याकडे इतकं क्वचित होतं की आईनं टीव्ही बंद केला.

"बाबुलाल रोज वर पायते," ते म्हणाले. "क्रेन डोक्यावरून गेली का हातातलं काम सोडून पायते. मले वाटलं आवाजानं पायत असन. मंग त्यानं मलेच विचारलं, भइया, ऊपर ले भट्ठी अब्भो वइसनेच दिखथे का? वरून अजून तशीच दिसते का म्हनून."

"तुमी काय म्हटलं?" आईनं विचारलं.

"म्हटलं, हो, तशीच." बाबांनी रिकाम्या ताटाच्या कडेला बोट पुसलं. "एक साल झालं, आन् म्या एकदाई त्याच्याकडे जाऊन बसलो नाई. पाळी सुटली का पिशवी घेतो न निघतो. तो कॅन्टीनचा चायई पेत नाई. एकट्यानं कायले पेऊ म्हनते."

दुसऱ्या दिवशी आईनं थर्मासमध्ये पूर्वीसारखा चहा भरला. आल्याचा, दुधाचा. बाबांनी तिला थांबवलं. "साखर अर्धी टाक."

"अर्धी? गोड नाई लागत म्हनान मंग."

"टाक तू. पोरीनं इतके पोते दाखवले, एखादं तरी कमी करू."

मी तिथेच उभी होते. माझ्या नऊ स्लाइड्समधून एवढंच उरलं, आणि तेही बाबांनी दया येऊन ठेवलं. डॉक्टरमॅडमनीही तेच सांगितलं होतं. सवयीचा चहा बेताचा घ्या, जेवणासोबत नको, साखर कमी, लोणचं-पापड कमी, रात्रीची झोप पुरी. यात वांग्यासारखं यकृत कुठेच नव्हतं.

डोकेदुखी एका दिवसात गेली. झोप आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोजायचं ठरवलं, कागदाप्रमाणे. चहा अर्ध्या तासापूर्वी संपलेला. बाही वर. पाय जमिनीवर. हात टेबलावर. पाच मिनिटं गप्प.

पाच मिनिटं फार लांब असतात. एका मिनिटानंतर मी म्हणाले, "बाबा, आरामात बसा." दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, "काळजी करू नका हं, ही फक्त घरची मोजणी आहे." तिसऱ्या मिनिटाला बाबांनी डोळे उघडले, कागदावरच्या त्या माणसासारखं तोंडावर बोट ठेवलं आणि पुन्हा डोळे मिटले.

एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी.

आकडा दिसल्यावर मी ओरडले, तर आई धावत आली, काय झालं म्हणून. बाबा मात्र पट्टा सोडता सोडता म्हणाले, "उद्या तिथं दिसलं पाहिजे. इथं दिसून काय उपयोग."

दुसऱ्या दिवशी मी आत गेले नाही. बाहेर बाकावर बसले, हात मांडीखाली दाबून. जवळ कॉफी नव्हती, आलेख नव्हता, सल्ला नव्हता. वीस मिनिटांनी दार उघडलं. टीना सिस्टरांचा आवाज आला, "आज क्या पिया, अंकल?"

"कुछ नहीं. अब जाके पियूँगा."

"पियो. शक्कर कम. और प्रेशर मैडम को बोलना, कागज संभाल के रखे."

बाबांनी बाहेर येऊन कागद माझ्या हातात दिला. आकडा मर्यादेच्या आत होता. क्रेन चालवायला योग्य, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणे. मी तो दोनदा वाचला. बाबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चाल. मले सेकंड शिफ्टले चढायचं हाय."

हे झालं मे महिन्यात. आता ऑगस्ट आहे. तीन महिन्यांची तपासणीही झाली, तीही ठीक निघाली. बाबा वर आहेत. चार महिने उरले. दर रविवारी सकाळी मी त्यांचं बीपी मोजते आणि कागद समोर उघडा ठेवते, हळदीच्या डागांसकट.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी जुनं गणित पुन्हा करायला घेतलं. साखर अर्धी झाली, म्हणून पोती निम्मी. ते पडताळायला मी विचारलं, "आठ झाकणं होतात ना अजून?"

"चार," बाबा म्हणाले.

"चार? आणि थर्मास तर रोज रिकामा येतो."

"अर्धा बाबुलालपाशी ठेवतो न. चढायच्या आधी. त्याच्याकडे एक जुना डबा हाय झाकनाचा, त्यात." जणू हे मला माहीत असायलाच हवं होतं. "पाच-दहा मिन्टं बसतो त्याच्याजवळ. मंग चढतो."

म्हणजे बाबांचा चहा निम्म्यावर आला होता, आणि तो टीव्हीला लॅपटॉप न जोडता आला होता. मी लगेच एक्सेल उघडलं आणि लिहिलं : चहा, पन्नास टक्के घट. आई मागून वाचत होती. म्हणाली, "बाबुलालचं नाव टाक तिथं. नाईतर लोकं म्हनतीन तूच केलं."

मी नाव टाकलं.

"आन् ऐक," बाबा म्हणाले, "त्यालेई बोलावलं म्या पुढच्या रविवारी. म्हनते, दवाखान्यात गेलो का छाती धडधडते, घरी कोनी मोजत नाई. त्याचंई मोज."

पुढच्या रविवारी बाबुलालकाका आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, लग्नाला आल्यासारखे. सोफ्याच्या कडेवर बसले आणि बाही आधीच कोपराच्या वर गुंडाळून ठेवली. आईनं आतून नेहमीप्रमाणे विचारलं, "चाय मांडू?"

"मोजल्यावर!" बाबा आणि मी एकदमच म्हणालो.

मी पट्टा बांधला. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "काका, घाबरू नका. बीपी म्हणजे काय असतं, सांगते. समजा एक पाइप आहे..."

"उत्कर्षा," बाबा म्हणाले.

"काय?"

"पाच मिन्टं गप राय न वं. रीडिंग बिघडते."